अंबूबाईची पाचवी बाटली

हरिपुरात हळदीच्या पेवात माणूस उतरायचा तो अंबूबाईच्या शब्दावर. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली खोली. तोंड एवढंसं, की जाड माणसानं पोट आत ओढूनच उतरावं, आणि आत मात्र रांजणासारखं फुगलेलं, वीस-बावीस फूट खोल. भिंतींना उसाचं पाचट लावायचं, त्यावर चटया, मग हळकुंडं ओतायची आणि तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही म्हणून कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. पण जी हवा किडीला मारते, ती माणसाला काय सोडणार? म्हणून पेव संध्याकाळी उघडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी कासऱ्याला कंदील बांधून आत सोडायचा आणि तो तळापर्यंत जळत राहिला तरच माणूस उतरवायचा, अशी जुनी रीत.

ही रीत अंबूबाईच्या नाकानं मोडली. तिचा बाप गुंडा पेवं खणायचा. त्यानं पोरीला लहानपणीच शिकवलं होतं, की वाईट हवेला स्वतःचा वास नसतो, पण ती जिथं साचते तिथलं पाचट आंबतं आणि त्याला वास येतो. पेवाच्या गळ्याजवळचं मूठभर पाचट काढून तिच्या हातात द्यायचं. ती ते चोळायची, हुंगायची, हळकुंडाची एक कपची दाढेखाली धरायची आणि म्हणायची, "उतरा." की माणूस पेवाच्या तोंडाला हात लावून नमस्कार करायचा आणि उतरायचा. पुढं पुढं कंदील गोदामाच्या खुंटीलाच टांगून राहू लागला. अंबूबाई असताना रॉकेल कशाला जाळायचं, असा व्यापारी हिशेब होता.

नाकही तसंच होतं म्हणा. शेजारणीचं दूध नासायच्या आधी हिला कळायचं. अंबूबाईच्या गल्लीत श्रावणात चोरून कोंबडं शिजवायची सोय नव्हती. एका दलालानं नव्या मालात तीन वर्षांची जुनी हळद मिसळून आणली, तर हिनं पोत्यापासून चार हातांवर उभं राहून सांगितलं, की खालचं अर्धं पोतं म्हातारं आहे. दलाल पुन्हा त्या पेठेत दिसला नाही.

सबंध आयुष्यात तिची एकदाच फजिती झाली. ती बत्तीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका पेवावर तिनं "नको" म्हणून हात आडवा केला. व्यापारी चिडला, कंदील सोडायला लावला, आणि कंदील तळापर्यंत ढणढणा जळत गेला. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसला तो तिचा नवरा नाथाजी. पेवात उतरण्याचं काम त्याचंच होतं. हमालांच्या घोळक्यात बसून तो म्हणाला, "आमच्या हिच्या नाकाला म्हातारपण आलं, गड्यांनो!" तिनं घरी गेल्यावर त्याला दोन दिवस भाकरीबरोबर नुसतं मीठ वाढलं.

त्यानंतर आठ दिवसांनी नाथाजी पेवात गेला आणि जिवंत वर आला नाही.

अंबूबाईनं पाचट हुंगलं होतं, "उतरा" म्हणाली होती, तो उतरला होता. पहिली पाटीही भरून आली नाही. कासरा सैल पडला. त्याचा धाकटा भाऊ नानासो तोंडाला ओला पंचा बांधून, कमरेला दोर लावून आत गेला आणि भावाला काखेत धरून वर आला. मिरजेच्या वाटेवरच सगळं संपलं. आणि मग गाव एकमुखानं बोललं, की नाथाजीचं हृदय बंद पडलं. "गॅस असता तर अंबूला कळलं नसतं व्हय?" असं जो तो म्हणाला. नवरा गेला आणि त्याच दिवशी तिच्या नाकाची कीर्ती दुप्पट झाली.

एक गोष्ट मात्र फक्त तिला ठाऊक होती. त्या दिवशी तिला सर्दी झालेली होती. नाक गच्च होतं. पाचट हुंगल्याचं तिनं नुसतं सोंग केलं होतं, कारण इतक्या लोकांसमोर, तेही आठच दिवसांपूर्वी हसं झालेलं असताना, नाक चालत नाही असं कुठल्या तोंडानं सांगणार? हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दही सोडलं, ताक सोडलं, चिंच सोडली, उन्हाळ्यातही कानाला रुमाल बांधून हिंडू लागली. लोकांना वाटलं, नवऱ्यापायी व्रत धरलंय. तिनं फक्त पुन्हा सर्दी होऊ दिली नाही, बावीस-तेवीस वर्षं.

आणि मग दोन हजार एकवीसची ती दुसरी लाट आली. अंबूबाई शाळेत उघडलेल्या सेंटरात दहा दिवस पडून होती, वाचली, घरी आली. दुसऱ्या दिवशी फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली. तिनं डबी नाकाशी नेली, मग नाकाला टेकवली, मग चिमूट काढून नाकात घातली. शिंक आली, वास आला नाही. ती तिथंच चुलीपुढं बसली आणि फोडणी करपून गेली. करपल्याचं तिला धूर डोळ्यांत गेल्यावर कळलं.

जेवण म्हणजे माती झाली. पिठलं नि ओली भिंत यांत फरक उरला नाही. आंबा गोड लागे, पण आंबा लागत नसे. फक्त ठेचा तेवढा पूर्वीसारखा जीभ भाजायचा, म्हणून ती ठेच्यावर जगू लागली. तिची लेक संयोगिता मिरजेला दिलेली. ती आली, आईनं केलेल्या आमटीत तीनदा हिंग पडलेला पाहिला आणि तशीच तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरणीकडं घेऊन गेली.

डॉक्टर अबोली वयानं लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी अंबूबाईला नाक चिमटीत धरायला लावलं आणि एक गोळी जिभेवर ठेवली.

"कशी लागली?"

"गोड."

"बस्स. जीभ एवढंच सांगते. गोड, खारट, आंबट, कडू, आणि मुरलेल्या आमटीला असतो तो रुचकरपणा. मिरचीचा तिखटपणा तर चवही नाही, तो चटका आहे, म्हणून तो तुम्हाला अजून कळतो. बाकी जिला आपण चव म्हणतो ती सगळी नाकाची करणी. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो. नाकाच्या छतावर नाण्याएवढी जागा आहे, तिथं वास ओळखणारे धागे असतात. ते वरचं चाळणीसारखं हाड ओलांडून थेट मेंदूत शिरतात. तुमची तीच जागा ह्या आजारानं मारलीय."

"परत यील?"

"धागे नवीन फुटतात. पण वेळ लागेल, आणि नाकाला पुन्हा शाळेत घालावं लागेल."

शाळा म्हणजे चार बाटल्या. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरीचं तेल. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली उघडायची, वीस मोजेपर्यंत हुंगायची आणि तो वास कसा होता ते आठवायचं. संयोगितानं औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्या भरून दिल्या. अंबूबाई देवघरापुढं बसून नेमानं हुंगायची. गावात कुणाला सांगायचं नाही, अशी लेकीला शपथ घातली होती.

प्रश्न पेवांचा होता. पुरांनी बरीच पेवं गाळानं भरून टाकली, माल कोल्ड स्टोरेजकडं वळला, तरी वर्षाकाठी दहा-बारा पेवं उघडायची, आणि त्यांत आता नानासो उतरायचा. भाऊ गेल्यावर त्यानंच ते काम हट्टानं घेतलं होतं. आता पन्नाशीचा झाला होता, घरी बायको होती, लग्नाची मुलगी होती. नाक गेलं म्हणून सांगावं, तर अंबूबाई उरतेच काय? आणि न सांगावं तर नानासोचा जीव.

तिनं वाट काढली. पेव आदल्या संध्याकाळी उघडलेलं असायचं. ती झुंजूमुंजूला, कुणी यायच्या आत, कंदील घेऊन जायची, तो कासऱ्यानं तळापर्यंत सोडायची, जळतोय का बघायची आणि वर ओढून घ्यायची. एकदोघांनी लांबून पाहिलं. त्यांनी सांगितलं, की अंबूबाई नवऱ्याच्या नावानं पेवाला दिवा दाखवते. बायकांनी ऐकून पदर डोळ्यांना लावले. मग नऊ वाजता सगळे जमले, की ती पाचट घेऊन हुंगल्यासारखं करायची नि म्हणायची, "उतरा." असं सोंग तिनं तीन हंगाम वठवलं आणि कुणाचा केसही वाकडा झाला नाही.

मग तो वास आला.

पहिल्यांदा आला तेव्हा ती बाटल्या हुंगून उठत होती. लवंगेनं काही सांगितलं नव्हतं, लिंबानं काही सांगितलं नव्हतं. ती उठली आणि एकाएकी घरभर वास भरला. आंबूस, तळाशी गोडसर, त्यात भिजून कुबट झालेलं गोणपाट. तिला आधी आनंदच झाला. नाक उघडलं! तिनं वासाचा माग काढायला सुरुवात केली. मोरी हुंगली, पाटीखालची भांडी उचलली, गोठ्यात गेली, न्हाणीत गेली. वास कुठंच वाढत नव्हता आणि कुठंच कमी होत नव्हता. तिनं नाक घट्ट दाबून धरलं. तरी तो येतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी आला. सकाळचे नऊ. तिसऱ्या दिवशीही. पाहुणी आलेली बाई समोर बसून चहा पीत असायची, तिला काही जाणवत नसे, आणि अंबूबाई नाकाला पदर लावून उठून जायची. तिनं उदबत्त्या लावल्या, कापूर जाळला. कापराचा धूर दिसायचा, वास यायचा तो त्या दुसऱ्याचाच. अर्ध्या तासानं आला तसा निघून जायचा, आणि मग पुन्हा चोवीस तास जगाला कसलाच वास नसे.

एवढा वास ओळखणारी बाई, पण हा तिला ओळखता येईना. शेवटी तिनं नानासोला विचारलं. तो ओसरीवर बसून विळ्याला मूठ बसवत होता.

"नानासो, पाचट आंबल्यावानी, खाली गुळचट, आन त्यात वल्लं गोणपाट. असा वास कशाला येतो रं?"

नानासोचा हात थांबला. त्यानं विळा खाली ठेवला.

"तुमाला कुठं आला, वैनी?"

"कुठं न्हाई. सहज इचारलं."

"दादाला वर काढला न्हवं," तो म्हणाला, "तवा त्याच्या कापडांला हाच हुता." एवढं बोलून तो विळा तिथंच टाकून घरी निघून गेला. अंबूबाईला भीती वाटली ती सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

ती एकटीच मिरजेला गेली. डॉक्टर अबोलींनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, हे अनेकांना होतं. वादळात तारा तुटल्या की वायरमन घाईत जोडतो, आणि मग स्वयंपाकघराचं बटण दाबलं की गोठ्यातला दिवा लागतो. नवे धागे तसेच भलत्या जागी जाऊन जुळतात. कधी तर बटण कुणी दाबतच नाही, दिवा आपला आपणच लागतो. नाकाशी काही नसतं, मेंदूच वास वाजवतो.

"पण म्या कवा न घेतलेला वास त्यो कुठनं वाजवील?" अंबूबाईनं विचारलं.

"कधीच घेतला नव्हता?"

"न्हाई. तवा माझं नाक गच्च हुतं. सर्दी हुती." आणि डॉक्टरीण गावची नव्हती म्हणून म्हणा, तिनं ते पहिल्यांदा उघड बोलून टाकलं. पाचट, सोंग, उतरा, नाथाजी, सगळं.

डॉक्टर जपून बोलल्या, "आजी, डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूच्या उंबऱ्यावर एकदा थांबतं, विचारपूस होते, मग आत जातं. वासाला तो थांबा नाही. तो सरळ आठवणीच्या आणि भीतीच्या खोलीत जाऊन बसतो. पुष्कळदा माणसाला पत्ताही नसतो. नाकाला कळलेलं असतं, आपल्याला नसतं."

"सर्दी असली तरी?"

"पूर्ण गच्च असेल तर नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

ह्यानंतर महिन्याभरानं देवदत्त शेठचं पेव उघडायचं ठरलं. देवदत्त म्हणजे तिसऱ्या पिढीचा व्यापारी, शिकलेला, मोबाईलवर भाव बघणारा, पण अंबूबाईला पाया पडल्याशिवाय पेवाला हात न लावणारा. तिनं ठरल्या दिवशी पहाटे कंदील घेऊन जाऊन पाहिलं, तर पेवावरची माती तशीच लिंपलेली. उघडायचा दिवस पुढं गेला असेल असं समजून ती घरी परतली. नऊच्या सुमाराला माणूस बोलवायला आला.

पेव आत्ताच, तासाभरापूर्वी उघडलेलं होतं. आदल्या संध्याकाळी उघडायचं ज्याला सांगितलं होतं तो विसरला होता.

"रात्रभर ठेवायला पाहिजे हुतं, शेठ," ती म्हणाली.

"अहो, ते इतरांनी," देवदत्त हसून म्हणाला. "तुमचं नाक असताना कशाला? बाहेर ट्रक लागलाय, अंबूबाई."

"दिवा तरी दावते आदी."

"दिवा मागनं दाखवा की. मी स्वतः तेल घालतो."

आठ-दहा माणसं भोवती उभी होती. नानासोच्या कमरेला कासरा बांधून झाला होता. कुणीतरी पेवाच्या गळ्यातून पाचट उपटलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. आणि त्याच क्षणी तो वास आला, रोजच्यापेक्षा दाट, जिभेच्या मुळाशी कडवट होत गेलेला.

नऊ वाजून गेले होते. म्हणजे तो एरवीही आलाच असता. मागच्या दोन पेवांवरही नऊला आला होता, आणि पहाटे कंदील तर स्वच्छ जळालेला होता. वास खोटा, हे डॉक्टरणीनं सांगितलेलं, तिनं स्वतः पडताळून पाहिलेलं. आज नको म्हणावं तर कशाच्या जोरावर? कंदील मागवावा तर एवढी वर्षं का नाही मागवला? माणसं तिच्याकडं बघत होती. देवदत्त घड्याळाकडं बघत होता. तिच्या तोंडात शब्द तयार झाला, सवयीनं, आयुष्यभराच्या सवयीनं. उ-त-रा.

तिनं मान वर केली. नानासो तिच्या तोंडाकडं बघत होता. इतरांसारखा शब्दाची वाट बघत नव्हता. फक्त तोंडाकडं बघत होता आणि त्याचे हात कमरेचा कासरा सोडत होते.

"काय झालं रं?" कुणीतरी विचारलं.

"वैनीनं तसंच तोंड केलं," नानासो म्हणाला. "मी न्हाई उतरत."

ओंजळीतलं पाचट अंबूबाईच्या पायांवर सांडलं. "मला वास येत न्हाई," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "चार वर्सं झाली. कसलाच येत न्हाई. म्या पहाटं कंदील सोडून बघत हुते. आज सोडला न्हाई. कुनी उतरू नगा."

देवदत्तचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. मग गोदामातून कंदील आणला, पेटवला, कासऱ्याला बांधून आत सोडला. तो पुरुषभर खाली गेला, ज्योत आखूड झाली, निळी झाली, आणि मध्येच विझली. वर ओढून, पुन्हा पेटवून, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच जागी विझला, जसं कुणी खालून फुंकर मारतंय. हमाल दोन पावलं मागं सरले. ज्यानं पाचट काढलं होतं त्यानं ते हुंगलं आणि थुंकला. "आंबलंय, शेठ," तो म्हणाला.

ट्रक रिकामा परत गेला.

संध्याकाळी नानासो आला आणि ओसरीच्या कडेला बसला. त्यानं नेहमीसारखा चहा मागितला नाही, ह्यावरूनच तिला कळलं, की तो काहीतरी बोलायला आला आहे. मग तीच आधी बोलली. गावासमोर अर्धं बोललेलं तिनं पुरं केलं. म्हणाली, "तुज्या दादाच्या टायमाला बी असंच झालं, नानासो. मला सर्दी हुती. नाक गच्च. तरी म्या उतरा म्हनले. तू मला काय बी बोल, मी ऐकून घीन."

नानासोनं मान हलवली. "मला तुमचा दिवा ठावा हुता, वैनी. दर बारीला बांधावर हुबा राहून बघायचो. तुमचा दिवा इझला न्हाई, की मगच घरी जाऊन कासरा घ्यायचो. आज तुमी आलासा, बघितलासा आन परत गेलासा, तवाच मनात पाल चुकचुकली."

"मग बांधला कशापायी कासरा?"

"तोंड बघायचं हुतं तुमचं. दादा गेल्यापास्नं मी तुमच्या शब्दावर कवाच उतरलो न्हाई. तोंडावर उतरतो."

तिला समजलं नाही. तो जमिनीवर बोटानं रेघ ओढत राहिला.

"तुमाला सर्दी न्हवती, वैनी."

"आरं, मला चांगलं आठवतंय. श्वास घेता येत न्हवता."

"ते तिसऱ्या दिवशी. रडून रडून. माती सावडायला गेलो तवा." नानासोचा आवाज हळू होता, आणि त्यात राग नव्हता, हेच तिला सोसेना. "त्या सकाळी आपन तिघं पेवाकडं चाललो हुतो. तुमी दोघं म्होरं, मी मागं. वाटंत तुमी थांबलासा. म्हनालासा, कुटंतरी कवठी चाफा फुललाय. दादा म्हनाला, मला तर काय येत न्हाई. तुमी त्याला हाताला धरून घिऊन गेलासा, पार देवळामागं. तितं झाड हुतं. एकच फूल हुतं."

एकच फूल होतं. नाथाजीनं ते तोडून तिच्या अंबाड्यात खोवायचा प्रयत्न केला होता आणि ती लाजून, दिराकडं चोरून बघत, नवऱ्याला "शाने हायसा" म्हणाली होती. हे तिला आठवत होतं. नेहमीच आठवत होतं. फक्त ते कुठल्या दिवशीचं, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"मग पेवावर पाचट घेतलासा," नानासो म्हणाला. "हुंगलासा. आज केलासा तसंच तोंड केलासा. मग दादाकडं बघितलासा. त्यो हसत हुता, आदल्या आठवड्यासारखा. सगळीच हसायच्या बेतात हुती. आन मग तुमी म्हनालासा, उतरा."

अंगणात अंधार उतरत होता आणि दोघंही दिवा लावायला उठली नाहीत.

"तवा का बोलला न्हाईस?" तिनं विचारलं.

"संयोगिता सहा वर्सांची हुती," नानासो म्हणाला. "आन तुमाला आठवतच न्हवतं. मी दोनदा इचारलं. तुमी दोन्ही बारीला सर्दीच सांगितलासा. मला वाटलं, ऱ्हाऊ दे."

तो गेल्यावर अंबूबाई तशीच बसून राहिली. तिला रडू आलं नाही. सव्वीस वर्षं ती एका खोट्या पापाला दही-ताक सोडून फेडत होती, आणि खरं पाप तिच्याच नाकात, तिच्या नकळत, जसंच्या तसं राखून ठेवलेलं होतं. पेवातल्या हळदीसारखं. त्याला कीड लागली नव्हती.

आता पेवांवर पुन्हा कंदील आला आहे. देवदत्तनं गॅस मोजायचं यंत्रही मागवलंय, ते चिमणीसारखं चिवचिवतं. नानासो उतरतो. अंबूबाई जात नाही. तिला बोलावणं येतं, लोक अजून पाया पडतात, पण ती हात जोडून मागं फिरते. ती दही खायला लागली आहे, चव लागत नाही तरी.

बाटल्या मात्र तिनं सोडल्या नाहीत. सकाळी आंघोळ करून ती देवघरापुढं बसते. लवंग उघडते, वीस मोजते, झाकण लावते. लिंबू. गुलाब. निलगिरी. अजून काही येत नाही, कधी लवंगेची शंका येते तेवढीच. गेल्या दिवाळीला संयोगिता आली तेव्हा तिला तिथं पाचवी बाटली दिसली. तिनं उचलून पाहिली. आत काही नव्हतं.

"आई, ही रिकामी कशाला ठेवलीस?"

"ऱ्हाऊ दे," अंबूबाई म्हणाली. "हिचाच येतो."

नऊ वाजता ती त्या रिकाम्या बाटलीचं झाकण काढते. नाकापर्यंत न्यावीही लागत नाही. पाचट येतं, त्यामागं गुळचटपणा, त्यामागं ओलं गोणपाट, सगळं स्पष्ट, सगळं वेगवेगळं. तिच्या नाकाला आयुष्यात दुसरं काही इतकं नीट कळलं नसेल. ती तोंड वाकडं करते. मग समोर, जिथं कुणी नसतं तिथं, बघून म्हणते, "उतरू नगासा." वीस मोजते आणि झाकण लावते.